काचेचा बॉलर कोण बनवतं?

पोस्ट मोठी आहे. क्रिकेटवर आहे, पण क्रिकेट न बघणाऱ्यांनीही वाचावी. ज्यांची पोरं रोज संध्याकाळी खांद्याला किट अडकवून मैदानावर जातात त्यांनी तर नक्कीच.

परवा स्टँडसमोरच्या टपरीवर चहा घेत होतो. शेजारच्या टेबलावर एकाच्या मोबाईलवर जुना व्हिडिओ चालू होता. मयंक यादवचा बेंगळुरूविरुद्धचा स्पेल. कॅमेरून ग्रीनसारख्या माणसाला बॅट खाली आणायलाही वेळ मिळाला नाही, मागे स्टंप गेला. दोन-तीन वेळा मागे घेऊन बघितला त्यांनी. मग एकजण म्हणाला, "काय उपयोग? काचेचा बॉलर आहे. अकरा कोटी पाण्यात." सगळे हसले.

मीपण हसलो असतो कदाचित. पण मागच्या बाकड्यावर आपल्या गावातल्या एका पोराचे वडील बसले होते. टेम्पो चालवतात. त्यांचा मुलगा सोळा वर्षांचा, फास्ट बॉलर, गेले अडीच महिने कमरेला पट्टा बांधून घरी आहे. त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला, पैसे दिले आणि निघून गेले. त्यांच्या पोरालाही मैदानावर हेच नाव पडलंय. काचेचा.

त्या पोराबद्दल पुढे सांगतो. आधी त्या अकरा कोटीवाल्याचा हिशेब करू, कारण आपल्याला वाटतं आपल्याला तो सगळा माहीत आहे.

मयंक यादव दिल्लीचा. जन्म जून २००२ चा. २०२२ च्या लिलावात लखनौने त्याला २० लाखांना घेतला. त्या वर्षी एकही मॅच मिळाली नाही. २०२३ चा हंगाम दुखापतीत गेला. ३० मार्च २०२४ ला पंजाबविरुद्ध तो पहिल्यांदा आयपीएलमध्ये उतरला तेव्हा वय २१, आणि प्रथम श्रेणीचा सामना त्याच्या नावावर फक्त एक. एक! त्या दिवशी २७ धावांत ३ बळी, वेग १५५.८. तीन दिवसांनी बेंगळुरूत १४ धावांत ३ बळी, वेग १५६.७. दोन्ही मॅचमध्ये सामनावीर. देश वेडा झाला. माझ्या फोनवर त्या रात्री एकच क्लिप अकरा ग्रुपवर आली.

तिसऱ्या मॅचमध्ये एक ओव्हर टाकली आणि बरगडीच्या खाली धरून बाहेर. तीन आठवडे विश्रांती. मग ३० एप्रिलला मुंबईविरुद्ध परत आणला. चौथ्या ओव्हरचा एक बॉल टाकला आणि पुन्हा बाहेर. हंगाम संपला. एकूण १२.१ षटकं. म्हणजे ७३ बॉल.

ऑक्टोबरमध्ये ग्वाल्हेरला बांगलादेशविरुद्ध थेट भारताची टोपी. पहिलीच ओव्हर निर्धाव. तीन टी-ट्वेंटी खेळला, चार बळी घेतले, आणि पाठ गेली. त्याच महिन्याच्या शेवटी लखनौने त्याला ११ कोटींना राखून ठेवलं. २०२५ मध्ये एप्रिलच्या शेवटी परत आला तर दोन मॅच. दुसऱ्या मॅचमध्ये पंजाबने त्याच्या चार ओव्हरमध्ये ६० कुटल्या. त्यानंतर पाठीने पुन्हा दगा दिला आणि पोरगा शस्त्रक्रियेसाठी न्यूझीलंडला गेला.

आता सांगा, यात काच कुठे आहे?

वेगवान बॉलर बॉल सोडताना पुढचा पाय टाकतो, तेव्हा त्याच्या अंगावर स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट मार बसतो. त्याच क्षणी कंबर वाकते, वळते आणि मागे ताणली जाते. एकदा नाही, दिवसातून शंभर वेळा. लोखंडी तार एकाच जागी मागे-पुढे वाकवत राहिलो की काय होतं ते आपल्याला शाळेत असल्यापासून माहीत आहे. कमरेच्या मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाचा एक बारीक भाग असतो, तिथेच ती तडा जाते. उजव्या हाताने टाकणाऱ्याची बहुतेक वेळा डाव्या बाजूला. आणि हे हाड विशी ओलांडली तरी पूर्ण पक्कं झालेलं नसतं. म्हणजे ज्या वयात आपण पोराला "अजून जोरात" म्हणतो, नेमकं त्याच वयात ते सगळ्यात कच्चं असतं. याला स्वभाव, जिगर, आईचं दूध वगैरे काही लागू पडत नाही. हाड ते हाड.

डेनिस लिली नाव ऐकलंय ना? ऑस्ट्रेलियाचा. त्याच्यासारखा रानदांडगा बॉलर दुसरा नाही असं जुने लोक सांगतात. १९७३ मध्ये वेस्ट इंडिजच्या दौऱ्यात त्याच्याही मणक्याला तडे गेले होते. कित्येक आठवडे धड प्लास्टरमध्ये होतं. तो पण काचेचाच म्हणायचा का? पुढे वर्ष-दीड वर्ष राबून, अ‍ॅक्शन बदलून तो परत आला आणि इंग्लंडला रडवलं.

ते सोडा, पॅट कमिन्स घ्या. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये जोहान्सबर्गला पहिली कसोटी. वय १८. दुसऱ्या डावात ७९ धावांत ६ बळी, वर जिंकून देणारी धावही त्यानेच काढली. सामनावीर. दुसरी कसोटी कधी खेळला? मार्च २०१७. आपल्याकडे रांचीला. मध्ये सव्वापाच वर्षं गेली. पाठ, टाच, पुन्हा पाठ. मधल्या काळात तो वनडे, टी-ट्वेंटी खेळला, पण कसोटीसाठी त्याला थांबवलं, पुन्हा बांधला. त्यालाही तिकडे टोमणे मारणारे असतीलच. पण २०२३ मध्ये अहमदाबादला आपल्या नव्वद हजारांहून जास्त लोकांना गप्प करून विश्वचषक उचलला तो याच पोराने.

मयंकच्या मागे किती वर्षं थांबलो आपण? एक हंगाम पण नाही.

कोणी म्हणेल, अकरा कोटी देऊन फ्रँचायझी थांबलीच की. बरोबर आहे. आणि मला ते पैसे खुपत नाहीत. उलट पाठ मोडलेल्या पोराला पैसे मिळाले याचा आनंदच आहे. कमलेश नागरकोटीचं उदाहरण आहेच. २०१८ चा अंडर-१९ विश्वचषक गाजवून आला, कोलकात्याने ३ कोटी २० लाखांना घेतला आणि पहिले दोन हंगाम तो एक बॉल टाकू शकला नाही. तरी त्यांनी सोडला नाही, २०२० मध्ये खेळवला. चांगलंच केलं. क्रिकेट बोर्डानेही २०२४ पासून वेगवान बॉलरांसाठी वेगळे करार सुरू केले. वरच्या मजल्यावर निदान एमआरआय मशीन आहे, फिजिओ आहे, डॉक्टर आहे.

माझं भांडण आहे ते स्पीडगनशी. म्हणजे त्या यंत्राशी नाही, त्याच्यासमोर टाळ्या पिटणाऱ्या आपल्याशी. २०२२ च्या आयपीएलमध्ये प्रत्येक मॅचमधल्या सगळ्यात वेगवान बॉलला एक लाखाचं बक्षीस होतं. जम्मूचा उमरान मलिक मॅचमागून मॅच ते घेऊन जात होता. त्या हंगामात त्याने २२ बळीही घेतले, पण बळी कोणाच्या लक्षात आहेत? लक्षात राहिला तो १५७. भारताकडून खेळला, आणि जुलै २०२३ नंतर पुन्हा संघात दिसला नाही. त्याला कोणी टप्पा शिकवला का, कोणी वर्षभर रणजीत राबवला का, हे विचारायला आपल्याला वेळ नव्हता. तोवर दुसरा १५५ वाला मिळाला होता.

आता गावात या.

आपल्या गावातल्या टेनिस बॉल स्पर्धांची पत्रकं काढून बघा. अमुक चषक, तमुक चषक, वाढदिवस चषक. मॅन ऑफ द सिरीज सायकल. बेस्ट बॅट्समन अमुक. आणि गेल्या दोन वर्षांपासून नवीन: "फास्टेस्ट बॉल ऑफ द टूर्नामेंट, रोख ५००१." वेग कशावर मोजतात? मोबाईलवरच्या अ‍ॅपवर! त्या अ‍ॅपने एकदा आपल्या एका पोराला १४८ दाखवला. आणि ती बातमी मी छापली. होय, मीच. फोटोसकट. मथळा पण माझाच होता, "तालुक्याची एक्स्प्रेस".

तो पोरगा म्हणजे वर सांगितलेल्या टेम्पोवाल्या दादांचा मुलगा.

त्याची पाठ दुखायला लागली ती त्या बातमीच्या आधीपासून. डाव्या बाजूला, मागे वाकलं की जास्त. तो ज्या अ‍ॅकॅडमीत जायचा तिथल्या सरांनी सांगितलं, "स्प्रे मार, गरम शेक दे, दोन दिवसांत जाईल." गेलं नाही. कोणीतरी सांगितलं म्हणून पाठ मोडून घ्यायला नेलं. हाडाला तडा असताना वरून मोडून घेतली! मग एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. झालं, सगळ्यांनी ठरवलं की पोरगा नाटक करतोय, दहावीचं टेन्शन आहे. शेवटी नगरला हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला तेव्हा कळलं. ही दुखापत सुरुवातीला एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही, हे त्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत समजावलं. तेवढ्या पाच मिनिटांसाठी चार महिने गेले, आणि त्या चार महिन्यांत पोरगा बॉलिंग करतच होता.

त्याच्या घरी जाऊन आम्ही हिशेब मांडला. दादा, वहिनी, तो आणि मी. सकाळचं नेट, संध्याकाळचं नेट, शाळेच्या मॅचेस, रविवारी टेनिसच्या कधी दोन कधी तीन मॅच. आठवड्याला सहाशेच्या खाली बॉल जात नव्हते. म्हणजे शंभर ओव्हर. मयंक यादवने २०२४ च्या अख्ख्या आयपीएलमध्ये टाकले ७३ बॉल, आणि त्याच्यामागे फिजिओची फौज. या पोरामागे एक स्प्रे.

आणि सकाळ-संध्याकाळ नेट का? ही खरी गोम आहे, आणि यावर कोणी बोलत नाही. अ‍ॅकॅडमीत बॅटिंग शिकायला येणारी पोरं फी भरतात. डॉक्टरांची, व्यापाऱ्यांची, कारखान्यातल्या साहेबांची. त्यांना रोज अर्धा अर्धा तास बॅटिंग मिळाली पाहिजे, नाहीतर पालक विचारतात. मग बॉल कोण टाकणार? फास्ट टाकणारं गरिबाचं पोरगं. त्याची फी माफ. वरून उपकार. "तुझी फी घेत नाही बाळा, टाक." आणि पोरगं टाकतं, कारण फी माफ आहे, सर मोठे आहेत आणि घरी सांगितलंय की याच रस्त्याने झहीर खान झालेत. बॉलिंग मशीनला वीजबिल तरी येतं, याला तेही नाही.

मी एका अ‍ॅकॅडमीचं नाव घेत नाही कारण हे एकीचं नाही. जिथे जिथे विचारलं तिथे हेच ऐकलं.

झहीर खानचं नाव निघालंच आहे तर बोलू. आपल्या जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा, प्रत्येक भाषणात प्रत्येक उद्घाटक त्याचं नाव घेतो. पण त्याची गोष्ट कोणी पूर्ण सांगत नाही. इंजिनीअरिंगचा विचार सोडून तो मुंबईला गेला तेव्हा १७ वर्षांचा होता. तिथे सुधीर नाईकांसारखा माणूस मिळाला. मग टी. ए. शेखर यांच्या नजरेत भरला आणि चेन्नईला एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये गेला. तिथे शिकवायला कोण? तोच डेनिस लिली, ज्याची स्वतःची पाठ मोडली होती. मुंबईच्या संघात जागा नव्हती म्हणून बडोद्याकडून रणजी खेळला. त्यानंतर २००० साली नैरोबीला भारताची टोपी. म्हणजे श्रीरामपूर ते नैरोबी या मध्ये चार-पाच वर्षं कोणीतरी जाणकार माणूस त्याच्या पायाकडे, खांद्याकडे, ओव्हरकडे बघत होता. आणि एवढं होऊनही त्याला दुखापतींनी सोडलं नाहीच. २०११ ला लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशी मांडी धरून बाहेर गेलेला आठवतो ना? त्याच वर्षी विश्वचषकात २१ बळी घेणारा माणूस तो. तरी ९२ कसोट्या, ३११ बळी. संघातून बाहेर असताना २००६ मध्ये वूस्टरशायरकडून काउंटी खेळायला गेला आणि ओव्हरवर ओव्हर टाकून एका हंगामात ७८ बळी घेऊन परतला.

गंमत बघा, २०२५ च्या हंगामात लखनौचा मेंटॉर झहीरच होता. मयंक त्याच्याच हाताखाली परत आला होता. पण पाया घालायच्या वर्षांत जे व्हायला हवं होतं ते दोन मॅचच्या आधी कोणता मेंटॉर भरून काढणार?

आता नेहमीचा आक्षेप. "कपिलदेव दिवसभर टाकायचा, त्याला काय झालं?" मान्य. १३१ कसोट्या, आणि एकच कसोटी चुकली, तीही दुखापतीने नाही, संघातून वगळलं म्हणून. पण कपिलदेव एक झाला. शंभर वर्षं जगलेल्या विडीवाल्या आजोबांकडे बोट दाखवून कोणी विडीची जाहिरात करतं का? आणि दुसरं, बॉलिंग कमी करा असं मी म्हणतच नाहीये. जास्त टाकल्याने पाठ जाते तशी न टाकता एकदम टाकल्यानेही जाते. एकच रणजी सामना खेळलेल्या पोराला थेट १५६ च्या वेगाने लाखो लोकांसमोर पळवलं, ते अंग त्यासाठी तयारच झालेलं नव्हतं. आणि आपल्या पोराचं उलट, अंग तयार व्हायच्या आधीच झिजवलं. दोघांच्या बाबतीत चुकलं एकच, कोणी बॉल मोजले नाहीत. हळूहळू वाढवायचे, एकदम उडी नाही, मध्ये विश्रांतीचा दिवस. यात रॉकेट सायन्स काय आहे? इंग्लंडच्या बोर्डाने कित्येक वर्षांपासून वयाप्रमाणे मर्यादा घातल्या आहेत. पंधरा वर्षांखालच्या वेगवान बॉलरला एका स्पेलमध्ये सहा ओव्हर, दिवसभरात बारा. पंचाने, कॅप्टनने, कोचने पाळायचं. आपल्याकडे पंधरा वर्षांचा पोरगा बारा ओव्हर नाश्त्याच्या आधी टाकतो.

बरं, या पोराचं पुढे काय? डॉक्टर म्हणतात हाड जुळतंय. अजून किमान तीन महिने बॉलला हात नाही, मग व्यायाम, मग थोडं थोडं. अ‍ॅक्शनही बघावी लागेल, कारण त्याचे खांदे एकीकडे आणि कंबर दुसरीकडे जाते, हे आजवर एकाही सरांच्या लक्षात आलं नव्हतं. पोरगा समजूतदार आहे. मला म्हणाला, "काका, त्या बातमीचं कात्रण भिंतीला होतं, ते मी काढून ठेवलं. बघितलं की पळावंसं वाटतं." मी काय बोलणार?

तर आता मुद्द्याचं. पुढच्या महिन्यात मैदानावर मोठी स्पर्धा आहे. पत्रक माझ्याकडे आलंय. "फास्टेस्ट बॉल, रोख ११,०००." रक्कम दुप्पट झाली. आयोजक माझे मित्र आहेत, प्रायोजकही ओळखीचे आहेत, जाहिरातही आमच्याच पेपरला येणार आहे. तरी सांगतो, ते बक्षीस पत्रकात राहिलं तर मी त्या स्पर्धेची एक ओळ छापणार नाही. कार्यालयातून विचारणा झाली तर हीच पोस्ट दाखवीन. तेच अकरा हजार फिजिओला द्या, दोन दिवस मैदानावर बसवा. नाहीतर सगळ्यात कमी वाइड टाकणाऱ्याला द्या. पण मोबाईलच्या अ‍ॅपवर सोळा वर्षांच्या पोरांच्या कमरा लिलावात काढू नका.

अ‍ॅकॅडमीवाल्यांना एकच विनंती. फी माफ केलेल्या पोरांचे बॉल मोजा. नेटमधले पण, मॅचमधले पण. दोनशे पानी वही चाळीस-पन्नास रुपयांना येते, परवडत नसेल तर मी देतो.

आणि आई-वडिलांनो, पोराची पाठ एका बाजूला दुखत असेल, मागे वाकल्यावर जास्त दुखत असेल, आणि आठवडाभर थांबूनही जात नसेल तर स्प्रे नाही, शेक नाही, मोडून घेणं तर अजिबात नाही. हाडांच्या डॉक्टरांकडे न्या आणि पोरगा फास्ट बॉलर आहे हे त्यांना आधी सांगा.

येत्या रविवारी सकाळी सातला मी वही घेऊन मैदानावर बसणार आहे, पव्हेलियनकडच्या लिंबाखाली. नेटमध्ये कोण किती टाकतो ते नुसतं लिहून काढायचंय. चार पोरांमागे एक माणूस लागेल. ज्यांना यायचंय त्यांनी फोन करा. टेम्पोवाले दादा येतो म्हणालेत.